दि आयडिया ऑफ यू

अमेरिकन अभिनेत्री व लेखिका रॉबिन ली हिची इंग्रजी प्रेमकादंबरी. सेंट मार्टिन्स ग्रिफिन या प्रकाशनाने ती जून २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. लॉस एंजेलिसमधली ३९ वर्षांची घटस्फोटित कलादालनमालक आणि जगभर गाजणाऱ्या ब्रिटिश बॉय बँडचा २० वर्षांचा गायक यांच्या प्रेमाची ही कथा. प्रसिद्ध गायकाचे मन एखाद्या साध्या मुलीवर जडते, हे प्रेमकादंबरीतले जुने आणि हमखास खपणारे सूत्र. लीने नायिकेचे वय वाढवले, तिला शाळकरी मुलीची आई केले आणि त्या सूत्रात आजवर न विचारलेले प्रश्न उभे केले.

लीने येल विद्यापीठातून पदवी घेतली आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. पण ती अभिनयाकडे वळली. ‘हिच’ (२००५), ‘सेव्हन पाउंड्स’ (२००८) आणि ‘फिफ्टी शेड्स’ मालिकेतले शेवटचे दोन चित्रपट यांत तिने भूमिका केल्या. ‘दि आयडिया ऑफ यू’ ही तिची पहिली कादंबरी. चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या बाईकडे समाज स्त्री म्हणून पाहायचे कसे थांबवतो, हा विषय तिने मुलाखतींतूनही वारंवार मांडला आहे. हॉलीवूडमध्ये वावरणाऱ्या अभिनेत्रीला तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. कादंबरीची खरी ताकद या जाणिवेत आहे; गायकाचे वलय हे तिचे निमित्त.

कथेची निवेदक सोलेन मार्शां ही फ्रेंच वंशाची. मैत्रीण लुलित हिच्या भागीदारीत ती कलादालन चालवते आणि त्यात स्त्रिया व गौरेतर कलावंतांच्या कामाला मुद्दाम जागा देते. ‘ऑगस्ट मून’ या बँडवर जीव टाकणारी तिची मुलगी इझाबेल १२ वर्षांची आहे. वडील डॅनियल यांनी मुलीसाठी व तिच्या मैत्रिणींसाठी लास व्हेगासच्या कार्यक्रमाची तिकिटे घेतलेली असतात. ऐनवेळी त्यांना काम निघते आणि मुलींना घेऊन सोलेनला जावे लागते. कार्यक्रमानंतर चाहत्यांची कलाकारांशी भेट घडवण्याचा जो ठरीव सोपस्कार असतो, त्यात तिची बँडचा गायक हेज कॅम्पबेल याच्याशी गाठ पडते. मुली छायाचित्रासाठी धडपडत असताना त्याचे लक्ष त्यांच्या आईकडे असते. पुढे तो तिला शोधून काढतो, जेवायला बोलावतो आणि गोष्ट सुरू होते.

भेटी होतात त्या त्याच्या दौऱ्यांच्या आणि तिच्या कलामेळ्यांच्या तारखा जुळवून: न्यूयॉर्क, फ्रान्सचा दक्षिण किनारा, पॅरिस, मायामी, जपान. प्रकरणांना अशाच ठिकाणांची नावे आहेत. सुरुवातीला ही अनुक्रमणिका प्रवासवर्णनासारखी मोहक वाटते. मग हळूहळू लक्षात येते, की या जोडप्याला स्वतःचे घर कुठेच नाही. हॉटेलची खोली, दाराबाहेर अंगरक्षक, खाली रस्त्यावर ओरडणाऱ्या मुली आणि सकाळी त्याला न्यायला आलेली गाडी, एवढाच त्यांचा संसार. ली हे कुठेही समजावून सांगत बसत नाही. प्रणयप्रसंग तिने उघडपणे आणि सविस्तर लिहिले आहेत. पण ते झाल्यावर येणारी घाई, उतरवून ठेवलेली आणि पुन्हा चढवलेली सार्वजनिक मुद्रा, हे तपशील अधिक बोलके आहेत.

दोघांची छायाचित्रे बाहेर येताच सोलेनचे नाव, वय आणि व्यवसाय सर्वतोमुखी होतात. चाहत्या तिला शिव्याशाप देतात, अनोळखी माणसे तिच्या शरीरावर मत देतात. त्याची झळ सर्वांत जास्त लागते ती शाळेत टोमणे सोसणाऱ्या इझाबेलला. ज्या मुलाचे चित्र मुलीच्या मनात होते, त्याच्याशी आईचे संबंध असावेत, हा घाव वेगळाच. काही वाचकांना सोलेन याच कारणासाठी स्वार्थी वाटते. आक्षेप निराधार नाही, आणि लीने तो टाळलेलाही नाही. सोलेनला आपली चूक कळते आणि तरीही पाय निघत नाही. याच काळात डॅनियल आपल्याहून बऱ्याच लहान ईव्हाशी नवा संसार थाटतो. त्याला कोणी जाब विचारत नाही. ही तुलना कादंबरी शांतपणे शेजारी ठेवते, आणि हा तिचा सर्वांत धारदार भाग आहे.

अखेरीस मुलीसाठी सोलेन संबंध तोडते. हेज काही काळ फोन करत, संदेश पाठवत राहतो. मग ते येणे बंद होते आणि पुस्तक तिथेच संपते. प्रेमकादंबरीच्या वाचकाला सुखान्ताची हमी हवी असते. इथे ती मोडल्याने अनेक जण नाराज झाले. तरीही पुस्तक लोकांच्या मनात टिकले ते या शेवटामुळेच.

हेज म्हणजे ‘वन डिरेक्शन’ या बॉय बँडचा हॅरी स्टाइल्स, असा बोभाटा प्रकाशनापासून होत आला. लीने तो मान्य केलेला नाही. अनेक पुरुषांच्या लकबी एकत्र करून ही व्यक्तिरेखा घडवल्याचे तिने सांगितले आहे. ‘वन डिरेक्शन’च्या चाहत्यांच्या लेखनातून थेट निघालेली कादंबरी अ‍ॅना टॉड हिची ‘आफ्टर’ (२०१४). तिच्याशी तुलना केली तर फरक चटकन दिसतो: तिथे प्रसिद्ध गायकाची छबी घेऊन त्याचा गाण्याचा व्यवसाय बाजूला ठेवला आहे, तर लीच्या कादंबरीत त्या व्यवसायाचा जाच हाच कथेचा कणा आहे. कर्टिस सिटनफेल्डच्या ‘रोमँटिक कॉमेडी’त (२०२३) दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमाची लेखिका आणि पॉप गायक यांची जोडी येते; ती कादंबरी अधिक खेळकर आणि सुखान्त आहे.

प्रकाशनानंतर पुस्तकाची फारशी दखल घेतली गेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत मात्र ते एकीकडून दुसरीकडे शिफारशीने पसरले, समाजमाध्यमांवर गाजले आणि त्याला दुसरे आयुष्य मिळाले.

कादंबरीवरचा मायकेल शोवॉल्टर दिग्दर्शित चित्रपट मे २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर आला. सोलेनची भूमिका अ‍ॅन हॅथवेने आणि हेजची निकोलस गॅलिट्झिनने केली. बँडची गाणी घडवण्यात ‘वन डिरेक्शन’साठी गाणी लिहिणाऱ्या सावन कोटेचाचा वाटा होता. चित्रपटात सोलेन ४० ची, हेज २४ चा आणि मुलगी १६ वर्षांची आहे. पहिली भेट कोचेला संगीत महोत्सवात होते: स्वच्छतागृह समजून सोलेन त्याच्या खासगी गाडीत शिरते. वयांमधले अंतर कमी केल्याने कथेची बोच बोथट होते, आणि पाच वर्षांनी हेज सोलेनच्या कलादालनात परततो, तेव्हा ती बोच पार निघून जाते. हॅथवेचा अभिनय मात्र पाहण्याजोगा आहे. सोलेनची भीड आणि हाव दोन्ही तिने चेहऱ्यावर आणल्या आहेत. चित्रपट आधी पाहिलेल्यांनी मूळ कादंबरीही वाचावी. सोलेनने दिलेली किंमत पूर्ण कळते ती तिथेच.