हार्मोनच्या रिपोर्टची कुळी

भोर-वेल्ह्याच्या मावळात चिखलणीला जुंपायचा गोऱ्हा आधी खच्ची करून घेतात. नाहीतर तो औताला वळत नाही, जोडीदारावरच धावून जातो. वृषण गेले की बैलाची मस्ती उतरते, हे शेतकऱ्याला पुस्तकातून कळलेलं नाही. पण वृषणातून अंगभर जातं ते कुठल्या वाटेनं? १८४९ साली जर्मनीत गटिंगेनला आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी खच्ची कोंबड्याच्या पोटात वृषण पुन्हा बसवला. मज्जातंतू तुटलेलेच राहिले, रक्तवाहिन्या मात्र नव्यानं फुटल्या, आणि कोंबडा आरवायला, भांडायला लागला. म्हणजे वाट रक्ताचीच.

पुढे अशाच कोंबड्याच्या तुऱ्यावर मोजमाप सुरू झालं. अर्क टोचायचा आणि खच्ची कोंबड्याचा तुरा किती वाढला ते पाहायचं. १९३१ मध्ये आडोल्फ बुटेनांट यांनी बर्लिनच्या पोलिसांचं तब्बल १५,००० लिटर मूत्र आटवलं, तेव्हा १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन हाती आलं. टेस्टोस्टेरोन १९३५ मध्ये अॅमस्टरडॅमला सापडलं, वळूंच्या वृषणांत. पेशंटच्या चमचाभर रक्ताचा हिशेब या पद्धतीनं लागणं शक्यच नव्हतं.

तो लावला न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी. १९६० च्या सुमारास, तेही इन्शुलिनसाठी. युक्ती अशी: वेल्ह्याच्या एसटीत जागा ठरलेल्या. गावची माणसं जास्त चढली तर पाहुण्यांना उभं राहावं लागतं. इथं जागा म्हणजे अँटिबॉडी, गावची माणसं म्हणजे पेशंटच्या रक्तातला हार्मोन, पाहुणा म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेला हार्मोन. खुणेचे जितके कमी बसले, तितका रक्तातला जास्त. दोघांनी पेटंट घेतलं नाही. १९७७ चं नोबेल यॅलोंना मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते. आजच्या यंत्रांत किरणोत्साराऐवजी बहुधा प्रकाशाची खूण असते.

या सुधारणेत एक गोष्ट मात्र निसटली, असं मला वाटतं. तुरा हार्मोनचं काम मोजायचा; यंत्र फक्त साठा मोजतं. रक्तातलं जेमतेम २ टक्के टेस्टोस्टेरोन मोकळं असतं, बाकीचं प्रथिनांना चिकटलेलं. त्यातलं एसएचबीजी हे प्रथिन त्याला घट्ट धरून ठेवतं. वजन वाढलं, शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की एसएचबीजी उतरतं. मग पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असलेल्या मुलीचं एकूण टेस्टोस्टेरोन ‘नॉर्मल’ छापून येतं, तरी हनुवटीवर राठ केस येतात आणि पाळी दोन-दोन महिने येत नाही. अशा वेळी एसएचबीजीही तपासून मोकळ्या हार्मोनचा अंदाज काढावा लागतो. शिवाय बायकांत हे प्रमाण इतकं कमी असतं की नेहमीच्या यंत्राचा आकडा चुकू शकतो. रेणूंच्या वस्तुमानावरून मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री जास्त भरवशाची.

रक्त देण्याच्या वेळेचंही तसंच. एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल हे बायकांचे हार्मोन तपासायचे ते पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. प्रोजेस्टेरोन पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी. पुरुषाचं टेस्टोस्टेरोन सकाळी भरात असतं, म्हणून रक्त दहाच्या आत द्यायचं. वेल्ह्यातल्या केळद गावच्या माणसाला त्यासाठी आदल्या दिवशीच गाडीची चौकशी करून ठेवावी लागते.