रेंज

रेंज (स्त्री.) : इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द. पल्ला, टप्पा, आवाका, रांग, वनपरिक्षेत्र असे त्याचे अनेक अर्थ होतात. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात त्यांतले बरेचसे रोजच्या बोलण्यात ऐकू येतात.

इंग्रजीत हा शब्द 13व्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ रांग, ओळ. त्याच्याही मागे कडे किंवा वर्तुळ या अर्थाचा जर्मानिक शब्द असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. इंग्रजी ‘रिंग’ त्याच कुळातला. ‘रँक’, ‘अरेंज’ आणि स्पॅनिशमार्गे आलेला ‘रँच’ ही त्याची भावंडे. मराठी ‘रांग’ कानाला जवळची वाटते, अर्थही जुळतो. पण तेवढ्यावरून नाते ठरवू नये. शिकारी ओळीने रान पालथे घालत, त्यावरून फिरणे, हिंडणे असा अर्थ आला. मध्ययुगीन इंग्लंडात राजाच्या राखीव रानावर नजर ठेवणारा अधिकारी ‘रेंजर’ झाला.

हा रेंजर ब्रिटिश अमलात भारतात आला. 1864 मध्ये वनखाते स्थापन झाले, डीट्रिख ब्रँडिस पहिले महानिरीक्षक झाले आणि जंगलाची वाटणी वृत्त, विभाग, रेंज, बीट अशी झाली. 1862 ते 1956 या काळात उत्तर कानडा (आजचा उत्तर कन्नड) मुंबई इलाख्यात व नंतर मुंबई राज्यात होता. तेव्हाचा सुपा तालुका म्हणजे आजचा जोयडा. काळी नदीवरच्या धरणात सुपा गाव बुडाले. अणशी, कुंभारवाडा, गुंद, कॅसलरॉक ही इथल्या गावांची नावे वनखात्याच्या रेंजांचीही नावे आहेत. महाराष्ट्राचे सरकार रेंजला ‘परिक्षेत्र’ म्हणते, कर्नाटकाचे ‘वलय’. वलय म्हणजे कडे. शब्द फ्रान्स-इंग्लंड फिरून कन्नड कागदावर आला आणि ठरवून नसले, तरी आपल्या मूळ अर्थाला पोहोचला.

इथल्या कुणबी, गवळी, सिद्दी माणसांना मात्र रेंज व्युत्पत्तीतून कळलेली नाही. एकोणिसाव्या शतकात कुमरीवर, म्हणजे रान तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीवर, निर्बंध आले आणि राब जाळून नाचणी घेणारा माणूस वनगुन्हेगार ठरू लागला. दांडेली अभयारण्य (1956), अणशी राष्ट्रीय उद्यान (1987), दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प (2007, 2015 पासून ‘काळी’) अशी बंधने पुढे वाढत गेली. जंगल राखणे गरजेचेच आहे. पण ते राखताना, ज्याची शेती त्या रानात आधीपासून होती त्याला रेंज ऑफिसात परका समजले जाऊ नये.

प्राणिशास्त्रात ‘होम रेंज’ म्हणजे अन्न, पाणी, जोडीदार यांसाठी प्राणी नेहमी फिरतो ते क्षेत्र. त्यातला जेवढा भाग तो इतरांपासून राखतो, तेवढीच त्याची हद्द. वाघाची होम रेंज खात्याच्या नकाशावरची रेंज मानत नाही; इथली रानेही पुढे गोव्याच्या अभयारण्यांना जोडलेली आहेत.

तोफा-बंदुकांच्या संदर्भात रेंज म्हणजे माऱ्याचा पल्ला, आणि सरावाची जागाही. अहिल्यानगरजवळची लष्कराची के. के. रेंज मराठी वाचकांना ठाऊक असते, ‘के. के.’ म्हणजे खारे कर्जुने. नगर, राहुरी, पारनेरच्या शेतकऱ्यांना त्या नावासरशी भूसंपादन आठवते. डोंगरांची रेंज म्हणजे पर्वतरांग. संख्याशास्त्रात सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मूल्यांतला फरक म्हणजे रेंज. साडीच्या दुकानात ‘तुमची रेंज काय?’ म्हणजे किती रुपयांपर्यंतची दाखवू.

आज सर्वांत जास्त चालतो तो मोबाइलचा अर्थ. इंग्रजीत इथे बहुधा ‘सिग्नल’ किंवा ‘कव्हरेज’ म्हणतात. मराठीत रेंज येते, जाते, मिळते. मोबाइलच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की मागच्या दरीत त्या क्षीण होतात आणि दाट, ओली पालवी त्यांना आणखी शोषते. जोयड्यात दऱ्या खोल, वस्त्या विखुरलेल्या, पाऊस प्रचंड. टॉवर उभारायचा तर वनजमिनीसाठी परवानगी लागते, म्हणजे एका रेंजसाठी दुसऱ्या रेंजचे दार ठोठावावे लागते. रेंज नसलेल्या वाडीतून रुग्णवाहिकेच्या 108 क्रमांकाला फोन लागत नाही. बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस घरात असताना कुणीतरी आधी फोन लागेल अशा उंचवट्यापर्यंत धावते, मग गाडी बोलावली जाते.