मास्तरांचे नाव

आमच्या भंडाऱ्यात परवाच्या वरातीत बँडवाल्यांनी ‘अमर अकबर अँथनी’तले ते गाणे वाजविले, १९७७ च्या त्या चित्रपटात नायक भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडून नाचतो, ते. पोरे खिदळली. त्या नायकाचे अँथनी गोन्साल्विस हे नाव मूळ एका संगीतशिक्षकाचे, हे त्यांना कोण सांगणार?

गोन्साल्विस १९२७ साली गोव्यातील माजोर्ड्याला जन्मले. तिकडे चर्चच्या शाळांतून मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपीही शिकवीत. त्या विद्येवर कितीतरी गोवेकर मुंबईस आले; रात्री हॉटेलांत जाझ, दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी. १९४३ मध्ये गोन्साल्विसही व्हायोलिन घेऊन आले नि नौशादांच्या वादकांत बसले. पडद्यावरील नामावळीत अशांची नावे सहसा नसत!

पण त्यांच्याकडे शिष्य येत. राहुलदेव बर्मन नि प्यारेलाल हे त्यांतलेच.

मास्तरांचे स्वप्न निराळे होते: आपले राग पाश्चात्त्य वाद्यवृंदातून वाजावेत. १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्यांनी ते करून दाखविले; लता मंगेशकर नि मन्ना डे तेथे गायिले. पुढे १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिराक्यूजला गेले. परतल्यावर सिनेमाकडे फिरकले नाहीत, माजोर्ड्यालाच राहिले.

नायकाला ते नाव मिळाले, ते प्यारेलालांच्या गुरुप्रेमामुळे. मास्तरकी करणाऱ्या मला या गुरुदक्षिणेचा हेवा वाटतो, आणि थोडे वाईटही. २०१२ साली गोन्साल्विस वारले, तेव्हाही वृत्तपत्रांना त्यांची ओळख करून द्यायला तेच गाणे लागले.