दूधभात आणि उंदीर

दिवाळीच्या दिवसांत घरातले मांजर स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर ठाण मांडून बसते. आत करंज्या तळल्या जात असतात, लाडू वळले जात असतात, आणि आजी कौतुकाने म्हणते, "बघा, मनीलाही दिवाळी कळते!" मनीला दिवाळी कळत असेलही, लाडवाची गोडी मात्र कळत नाही. मांजराच्या जिभेवर गोड चव ओळखणारी यंत्रणा तयारच होत नाही, असे फिलाडेल्फियातील शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले. मनी आलेली असते ती बहुधा तुपाच्या वासाने. पण आपल्याला जे गोड लागते ते तिलाही लागणारच, अशी आपली समजूत असते. मांजराला काय खाऊ घालावे याचा इतिहास पाहू लागले, म्हणजे तो बराचसा अशा समजुतींचाच इतिहास आहे, असे दिसून येते.

माणसाचे आणि मांजराचे नाते जुळले ते धान्याच्या कोठारात. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजरे आली. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस येथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन फ्रेंच संशोधकांना सापडले. २००४ साली त्यांनी त्याची हकीकत प्रसिद्ध केली. तेथे माणसाच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर मांजराचा सांगाडा होता. त्या बेटावर मूळची रानमांजरे नव्हती. तेव्हा कोणीतरी त्या प्राण्याला नावेत घालून नेले असले पाहिजे. बैलाला माणसाने नांगराला जुंपले, कुत्र्याला राखण करावयास शिकवले. मांजराला त्याने काही शिकवले नाही, नुसते राहू दिले. त्याच्या जेवणाची चिंता करण्याचे कारणच नव्हते. कारण त्याचे जेवण हीच त्याची चाकरी होती.

आपल्याकडेही हाच व्यवहार होता. घरात धान्याच्या कणग्या असत, वर माळा असे, आणि दोन्ही ठिकाणी उंदीर असत. संध्याकाळी बशीत दूधभात कालवून ठेवला, मांजराने डोळे मिटून तो चाटला, की घरच्या बाईला भूतदयेचे समाधान मिळे. मांजर दूधभातावर ठणठणीत राहते, असे म्हणावयास कित्येक पिढ्यांचा अनुभव पाठीशी होता. मात्र रात्री दिवे मालवल्यावर माळ्यावर काय चाले, ते कोणी पाहिले नव्हते. दूधभात हा नैवेद्य होता. जेवण माळ्यावर होत होते.

मोठ्या शहरांत मांजराच्या जेवणाचा धंदाही झाला. १८५१ साली हेन्री मेह्यू याने लंडनमधील गोरगरिबांच्या व्यवसायांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात मांजरांसाठी मांस विकणाऱ्या फेरीवाल्यांची मोठी रंजक माहिती आहे. घोड्याचे उकडलेले मांस काड्यांना ओवून ते दारोदार फिरत. मांजरे ते खात, आणि गल्लीतले उंदीरही मारीत.

विसाव्या शतकात हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला, तोही अपघातानेच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मन्‌रोव्हिया येथे फ्रान्सिस पॉटेंजर नावाचे डॉक्टर क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात काम करीत. औषधांच्या चाचणीसाठी त्यांनी मांजरे पाळली होती. त्यांना आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरातले शिजवलेले मांस, दूध आणि कॉड माशाचे तेल मिळे. तरी शस्त्रक्रियेत मांजरे फार दगावत. पुढे मांजरे वाढली, शिजवलेले मांस पुरेना, म्हणून काहींना कच्चे मांस दिले जाऊ लागले. आणि नेमकी तीच मांजरे तगू लागली. मग १९३२ ते १९४२ अशी दहा वर्षे पॉटेंजर यांनी या एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला. शिजवलेल्या मांसावरील मांजरे पिढीगणिक खंगत गेली, तिसऱ्या पिढीत वंश चालणेही कठीण झाले. कच्च्या मांसावरील मांजरे धडधाकट राहिली.

यावरून पुष्कळांनी एक सोपा निष्कर्ष काढला: कच्चे ते नैसर्गिक, शिजवलेले ते घातक. काहींनी तर तो माणसालाही लावून टाकला! परंतु शिजवल्याने नेमके काय जाते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

त्याचा धागा पुढे डोळ्यांच्या रोगातून सापडला. दुधातील केसीन हेच प्रथिन खाऊन राहिलेल्या मांजरांचा नेत्रपटल झडू लागतो, आणि त्याचे कारण टॉरीन या द्रव्याचा अभाव, असे १९७५ साली हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. टॉरीन काही नवे नव्हते. १८२७ साली ते बैलाच्या पित्तात सापडले होते, आणि बैलाच्या लॅटिन नावावरूनच त्याचे नाव पडले. माणसाचे शरीर ते स्वतः तयार करते. मांजराला ते पुरेसे करता येत नाही, आणि पित्तावाटे रोज थोडे खर्च मात्र होते. वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. मांसात असते, पण पाण्यात विरघळते; मांस उकडून पाणी फेकले, की त्याबरोबर तेही जाते. पॉटेंजर यांच्या मांजरांना हीच उणीव भोवली असावी, असे आता मानले जाते. १९८७ साली कॅलिफोर्नियातच पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कारखान्यात तयार झालेले डबाबंद अन्न खाणाऱ्या मांजरांचे हृदय याच अभावाने दुबळे होत होते, आणि टॉरीन देताच ते सुधारत होते. त्यानंतर अशा अन्नातील टॉरीनचे प्रमाण वाढवण्यात आले व तो रोग विरळा झाला.

म्हणजे माळ्यावरच्या उंदरात ते सारे होते, बशीत नव्हते. आजच्या घराला माळा नाही. चौथ्या मजल्यावरच्या बंद दारामागे मनीला उंदीर दिसत नाही, आणि आपण मात्र आजीच्या मायेने दूधभातच कालवतो. मोठ्या मांजराला बहुधा दूधही नीट पचत नाही. आजी चुकली नव्हती. तिच्या हिशेबातला अर्धा भाग मांजर स्वतः भरीत होते, एवढेच. तो भाग आता आपल्याकडे आला आहे.

यासाठी कच्चे मांस आणून घालण्याचा उत्साह मात्र नको. त्यातून येणारे जंतू मांजराला आणि घरातल्या माणसांनाही बाधू शकतात. मांजरासाठीच बनवलेले, टॉरीन असलेले पुरे अन्न द्यावे. घरी शिजवावयाचे तर पशुवैद्याला विचारून. कांदा-लसूण त्याच्या बशीत पडू देऊ नये. तापावरची आपली पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नये. ती मांजराला विषच आहे.

यंदा फराळाच्या वेळी मनी उंबरठ्यावर येऊन बसली, तर तिला लाडवाचा तुकडा देऊ नका. तो तिला गोड लागणार नाही. तिच्या वाटणीचे वेगळे ताट मांडा. तिचीही दिवाळी होऊ द्या.