म्यूझस्कोरमध्ये व्हायोलिनचा लांब स्वर मध्येच तुटतो? आधी हे तपासा

म्यूझस्कोरमध्ये चाल टाइप केली. शेवटचा सा दोन बारभर लांबवायचा म्हणून दोन नोटांना जोडणारा कंस काढला. पानावर सगळं बरोबर दिसतं, पण प्ले केलं की व्हायोलिन तो सा दोनदा वाजवतं. ही तक्रार नेहमीची आहे आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत सुटते.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात याला जास्त महत्त्व आहे. नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. इकडे भजनाच्या चाली ऐकूनच पाठ होतात, स्टाफ नोटेशन वाचणारे मोजकेच. तुम्ही एक्सपोर्ट केलेली ऑडिओ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की मुलं तीच चाल म्हणून बसवतात. स्वर दोनदा वाजला, तर त्यावरचं अक्षरही दोनदा म्हटलं जातं.

टाय आणि स्लर: कंस सारखाच, काम वेगळं

टाय एकाच उंचीच्या दोन नोटा जोडतो. दुसरी नोट नव्याने वाजत नाही, पहिलीच लांबते. स्लर म्हणजे वेगवेगळे स्वर न तोडता, साधारणपणे गजाच्या एकाच ओढीत वाजवा अशी खूण. भातखंडे लिपीत स्वर लांबवायला आडवी रेघ असते आणि वरचा कंस मींड दाखवतो, म्हणून तिथे हा गोंधळ होत नाही. स्टाफ नोटेशनमध्ये दोन्हीकडे कंसच.

सॉफ्टवेअर कंसाचं चित्र बघत नाही, त्यामागची नोंद बघतं. १९८३ साली आलेल्या मिडीच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक स्वराला ‘सुरू’ आणि ‘बंद’ असे दोन संदेश लागतात. ६० च्या टेम्पोला, ४/४ मध्ये, टायने जोडलेल्या दोन पूर्ण नोटा म्हणजे एक ‘सुरू’ आणि ८ सेकंदांनी एक ‘बंद’. त्याच जागी स्लर असेल तर ४ सेकंदांनी दुसरा ‘सुरू’ जातो.

चूक कुठे आहे ते ओळखा

मिक्सरमध्ये त्या वाद्याचा आवाज तात्पुरता ऑर्गनचा करा. ऑर्गनचा स्वर पेटीसारखा सलग राहतो, त्यामुळे तुटलेली जागा लगेच कळते.

- ऑर्गनवरही स्वर दोनदा वाजला, तर दोष लिखाणात आहे.
- ऑर्गनवर सलग वाजला, तर दोष व्हायोलिनच्या आवाजात किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे.

लिखाणातला दोष

१. कंसावर क्लिक करा. खालच्या पट्टीत टाय की स्लर ते दिसतं. स्लर असेल तर तो डिलीट करा, पहिली नोट निवडा आणि टी दाबा. एस दाबलं की स्लर येतो.

२. टी दाबूनही काही होत नसेल तर दोन्ही नोटांची उंची बघा. सा म्हणजे सी धरून कोमल नी लिहिलात, तर पुढच्या बारमध्ये तो टाइप करताना शुद्ध होतो, कारण फ्लॅटची खूण त्या बारपुरतीच असते. दुसऱ्या नोटेलाही फ्लॅट करा, मग टी दाबा.

३. दोन-तीन स्वर एकत्र असतील तर प्रत्येक स्वराला स्वतःचा टाय आहे का ते बघा. एकाच स्वराला असेल तर बाकीचे पुन्हा वाजतील.

आवाजातला दोष

१. वाद्य पिझिकाटोवर नाही ना? बोटाने छेडलेली तार लगेच विझते. टाय कितीही लांब असला तरी तो आवाज टिकणार नाही.

२. व्हर्च्युअल व्हायोलिन म्हणजे खऱ्या वादनाचे रेकॉर्ड केलेले तुकडे, म्हणजे सॅम्पल. स्वर सॅम्पलपेक्षा लांब असेल तर मधला भाग फिरवून वाजवला जातो. तो सांधा नीट नसेल तर झटका ऐकू येतो आणि नोट तुटल्यासारखी वाटते. अशा वेळी दुसरा आवाज लावून बघा. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या म्यूझस्कोर ४ सोबत म्यूझ साउंड्सचे मोफत आवाज मिळतात. ते वेगळे डाउनलोड करावे लागतात आणि फाइल मोठ्या असतात, म्हणून मोबाइल डेटापेक्षा वायफाय बरं.

३. स्वर सलग आहे, पण लांब नोटेवर आवाज हळूहळू चढत नाही? मिडीत व्हेलॉसिटी, म्हणजे ० ते १२७ मधला जोर, फक्त सुरुवातीला एकदाच जातो. नोट चालू असताना आवाज बदलायचा तर कंट्रोलर लागतो, बऱ्याच स्ट्रिंग लायब्ररींमध्ये १ किंवा ११ नंबरचा. बाहेरचं व्हीएसटी वाद्य वापरत असाल तर ते कोणता कंट्रोलर घेतं ते त्याच्या मॅन्युअलमध्ये बघा. नोट तोडून दोन वेगळ्या जोरांनी लिहू नका, त्याने स्वर पुन्हा तुटेल.

दुरुस्ती झाली की मूळ आवाज परत लावा, एक्सपोर्ट करा आणि ती फाइल हेडफोन न लावता मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. बहुतेक मुलं ती तशीच ऐकणार आहेत.