निसर्गचित्रातील जमीन

इंग्रजीतील 'लँडस्केप' या शब्दात 'लँड', म्हणजे जमीन, आहे. मराठीने त्याला 'निसर्गचित्र' म्हटले आणि जमीन गळाली. हा केवळ प्रतिशब्दाचा प्रश्न आहे असे आम्हांस वाटत नाही. जमिनीला मालक असतो, सारा असतो, बांध असतो. निसर्गाला यांपैकी काहीच नसते. शाळकरी मुलांच्या चित्रांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि एक झोपडी असते. त्या झोपडीचा सात-बारा कोणाच्या नावावर आहे, असे ड्रॉइंगच्या तासाला कोणी विचारत नाही.

गेन्सबरोच्या 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज' (सुमारे १७५०) या चित्राविषयी जॉन बर्जरने १९७२ मध्ये हाच प्रश्न विचारला. ते दांपत्य निसर्गात रमलेले नाही. ते स्वतःच्या मालकीच्या जमिनीसमोर आहे, असे त्याचे म्हणणे. चित्रात पिकाच्या पेंढ्या रचलेल्या आहेत, त्या रचणारे मात्र कुठेच नाहीत.

आपल्याकडे ही दृष्टी वासाहतिक राजवटीबरोबर आली. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विन्गेट यांनी इंदापुराकडून नवी जमीनमोजणी सुरू केली, १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल निघाले, १८७८ मध्ये वनकायदा झाला. एकातून दुसरे उद्भवले असा आमचा दावा नाही. परंतु जो डोंगर चित्रात रम्य ठरला, तोच दप्तरात राखीव ठरला, हे विसरून चालणार नाही.

वणीहून दिसणारी सप्तशृंगाची रांग घ्या. काळे उभे कडे, त्यांवरची धूसर निळाई, अलीकडे द्राक्षबागा. जलरंगाला याहून अनुकूल विषय कोणता? शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे नाशिकच्या जलरंगांना जो लौकिक लाभला, त्याविषयी आम्हांस आदरच आहे. पण दिंडोरी तालुक्यातील या बागांत खपणारे कितीतरी हात हंगामापुरते पेठ-सुरगाण्याहून येतात. डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन नावावर व्हावी, ही २००६च्या वनहक्क कायद्यानंतरही अनेकांची मागणीच राहिली. मार्च २०१८ मध्ये, ६ ते १२ तारखेपर्यंत, नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांची ती एक प्रमुख मागणी होती. दूर उभे राहून रंगवलेल्या चित्रात हे सारे निळ्या रंगात विरघळते.

दुसऱ्या रीतीने पाहणारे चित्रकार आपल्यात नाहीत असे नाही. सुधीर पटवर्धनांच्या 'लोअर परळ' (२००१) मध्ये जमिनीचा वापर बदलतो आहे आणि त्या बदलात माणसे उभी आहेत. त्याला आपण नगरचित्र म्हणतो. नाशिकशेजारच्या पालघर जिल्ह्यातील जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री २०११) यांच्या चित्रांत क्षितिजरेषेची गरजच पडत नाही. झाड, शेत, जाळे आणि राबणारे माणूस एकाच पातळीवर येतात. त्यांनाही आपण निसर्गचित्र म्हणत नाही, आदिवासी कला म्हणतो.