सागरी सस्तन प्राणी, सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील
देवगड ते रेडी किनाऱ्यालगतच्या अरबी समुद्रात आढळणारे डॉल्फिन, पॉरपॉइज व देवमासे. खाड्यांतून येणारी पोषकद्रव्ये आणि रुंद, उथळ भूखंडमंच (पहा : भूखंडमंच) यांमुळे येथे तारली, बांगडा यांचे थवे जमतात, त्यांच्यामागे हे प्राणी येतात. कुबडधारी डॉल्फिन (सौसा प्लंबिया) खाडीमुखाशी, साधारण २५ मी.पेक्षा उथळ पाण्यात वावरतो. श्वासासाठी वर येताना आधी लांब चोच, मग पाठीवरचा उंचवटा दिसतो. पाठीवर पर नसलेला पॉरपॉइज बुजरा असतो. ब्रायडीचा देवमासा अधिक खोल पाण्यात आढळतो. मालवण सागरी अभयारण्य (१९८७) अवघे २९.१२ चौ. किमी. असल्याने या प्राण्यांचा बहुतांश वावर त्याबाहेरच, मासेमारीच्या जाळ्यांमध्ये होतो (पहा : मालवण, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२).